ओटी राखणाऱ्या परबबाई

परबबाईंचं आडनाव परब नव्हतं. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण त्यांचं खरं नाव मी एकदा नको तिथे सांगून बसलो आहे, आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. या लेखातली सगळी नावं बदललेली आहेत. फक्त माझं बदललेलं नाही. मी विलास दळवी, राहणार मुलुंड, वय वर्षं पन्नास.

बाई गेल्या त्याला आता दीड वर्ष होईल. अंधेरीच्या एमआयडीसीत रबरी गॅस्केट बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं माल तपासायचं काम केलं. गोल रबरी चकती अंगठा आणि तर्जनी यांच्यात फिरवायची, नखाने कड चाचपायची, चांगली असेल तर उजवीकडे, वाईट असेल तर डावीकडे. रिटायर झाल्यावरही बोटांची ती सवय गेली नव्हती. बोलता बोलता बांगडी फिरवत, बाटलीचं झाकण फिरवत. कोणाच्याही घरी गेल्या की पाणी पिऊन झाल्यावर पहिला प्रश्न, "कुकर बघू तुझा." मग झाकणातली रिंग काढून, उजेडात धरून, "ही बदल गो बाय, मेली आहे ही," असा निकाल देत. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. मूळ गाव वेंगुर्ल्याच्या बाजूला. राग आला किंवा माया आली की मालवणीत शिरत, आणि दोन्हीतलं नेमकं काय आलं आहे हे ऐकणाऱ्याला लगेच कळत नसे.

आणि त्या विक्कन होत्या.

हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. विक्का हा पश्चिमेकडून आलेला एक पंथ आहे. निसर्गातल्या देवीला आणि देवाला मानणारी माणसं छोट्या छोट्या गटांनी पौर्णिमेला आणि ऋतूंच्या आठ सणांना जमतात, जमिनीवर वर्तुळ आखून त्यात पूजा करतात. त्या गटाला कव्हन म्हणतात. परबबाईंना तो शब्द आवडत नसे. "कव्हन म्हणताना तोंड वाकडं होतं. आपण मंडळ म्हणायचं." त्यांच्या मंडळात सातजण होते. अंधेरीच्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना याविषयीचं जुनं पुस्तक मिळालं होतं, तिथून हे सुरू झालं. "आधी वजनावर घेतलं, मग वाचलं," एवढाच इतिहास त्या सांगत. घरात गणपतीही होता, कुलदेवीचा टाकही होता. एकदा मी बिचकत विचारलं, हे दोन्ही कसं चालतं? त्या म्हणाल्या, "देव काय रेशनकार्डावर असतात रे, एकाच दुकानातून उचलायला?"

मंडळात बाईंकडे एकच खातं होतं, नव्या माणसांचं. आत घेण्याआधी नव्या माणसाला एक वर्ष आणि एक दिवस बाहेर थांबावं लागतं. या बाहेरच्या जागेला इंग्रजीत काही भारदस्त नाव आहे. बाई तिला ओटी म्हणत. कोकणातल्या घरात परका माणूस आधी ओटीवर बसतो, तिथे पाणी पितो, तिथून त्याचं बोलणं चालणं घरातले बघतात, मग त्याला माजघरात बोलवायचं की नाही ते ठरतं. "तू अजून ओटीवर आहेस," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही. आतलं मला काहीच माहीत नाही. मी कधी आत गेलो नाही. म्हणून हा लेख लिहिताना मी कुठलीही शपथ मोडत नाही. मी जे मोडलं ते ओटीवरच मोडलं.

आमची पहिली भेट मुलुंड स्टेशनजवळच्या एका उडपी हॉटेलात झाली. मी इंटरनेटवर सापडलेल्या एका अनोळखी पत्त्यावर ईमेल पाठवला होता आणि तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं होतं. नव्या माणसाला आधी चारचौघांत, उजेडात भेटायचं, घरी बोलवायचं नाही, हा त्यांचा नियम. माझ्या डोळ्यांसमोर काळा झगा, मोठं कुंकू, असलं काहीतरी. मी दारात उभा राहून शोधतोय, तर कोपऱ्यातल्या टेबलावरून फिकट निळ्या साडीतल्या, नाकावर चष्मा घसरलेल्या एक बाई हात करताहेत. पुढ्यात बशी, बशीत चहा.

"दळवी ना? बस. घाबरलेला दिसतोस. मी काय बेडूक करत नाही कोणाचा."

मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. झोप लागते का? कोणाचं वाईट व्हावं असं वाटतं का? घरी माहीत आहे का?

पहिल्याला मी नाही म्हटलं. माझे वडील गेले तेव्हा मी त्यांच्याशी चार महिने बोललो नव्हतो. त्यांच्यामागे सगळे विधी यथासांग केले, पण त्यातल्या एकाही विधीत मी स्वतः होतो असं मला वाटलं नाही. हे मी त्या बाईंना चहाच्या टेबलावर दहा मिनिटांत सांगून टाकलं. बायकोला पाच वर्षांत सांगितलं नव्हतं. दुसऱ्याला नाही म्हटलं. तिसऱ्याला म्हटलं, "सांगेन."

"सांगेन म्हणजे नाही," बाई म्हणाल्या आणि बशी ओठाला लावली. "ऐकून ठेव. स्वतःचं सांगायचं, दुसऱ्याचं नाही. तू इथे येतोस हे तू कोणालाही सांग, घरी तर सांगायलाच पाहिजे. चोरून कोणी आत यायचं नाही. पण इथे आणखी कोण येतं ते तुझ्या तोंडून बाहेर पडता कामा नये. कोणाची नोकरी असते, कोणाचं लग्न व्हायचं असतं. बाकीचे नियम चुकले तर चालतील. हा नाही."

मी मान डोलावली. मान डोलवायला मला कधीच त्रास झालेला नाही.

पौर्णिमेच्या जवळचा रविवार, दुपारी चार वाजता बाईंच्या घरी, असं ठरलेलं असे. खरी पौर्णिमा मंगळवारी आली तर? "देवी समजून घेते. मंगळवारी सगळ्यांना ड्युटी असते हे तिला माहीत आहे." ओटीवरच्यांनी अर्धा तास आधी यायचं आणि हॉल झाडायचा. केरसुणीने, वाकून. वर्तुळ आखण्याआधी जागा झाडणं हा विधीचाच भाग आहे, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. बाई पुस्तकातलं काही सांगत नसत. खुर्चीवर बसून नुसत्या बघत. मी पहिल्यांदा झाडलं तेव्हा सोफ्याखाली हात घातला नाही. दुसऱ्या रविवारी सोफा सरकवून ठेवलेला होता.

वर्तुळात कुठल्या दिशेने फिरायचं हे मी वहीत बाण काढून लिहून घेत होतो. त्यांनी वही बंद केली. "प्रदक्षिणा घातली आहेस ना जन्मात? झालं मग." हे सगळे सण थंड देशांतले. हिवाळा सरला म्हणून दिवे लावायचे, अशा सणाला मुलुंडमध्ये घामाच्या धारा लागलेल्या असत. बाई वर बघून म्हणत, "पंखा बंद करा रे. पाच मिनिटं हिवाळा समजा." विधीनंतर सगळ्यांनी मिळून काहीतरी खायचं प्यायचं, ही त्या पंथाची रीत. आमच्याकडे घावणे आणि कोकम सरबत असायचं. आतली कामं सुरू झाली की ओटीवरच्यांना स्वयंपाकघरात पाठवून दार लावून घेत. त्या दाराआड बाईंना वेगळं नाव होतं. दीक्षा घेताना माणूस नवं नाव घेतो. ते नाव मला कधीच कळलं नाही, आणि याचं मला आता बरंच वाटतं.

स्वयंपाकघरात माझ्याबरोबर तन्वी असे. ती भांडुपची, सव्वीस वर्षांची, अंधेरीच्या एका स्टुडिओत कार्टूनपटांची चित्रं रंगवणारी. माझ्या सहा महिने आधीपासून ओटीवर होती. पहिल्या दिवशी ती डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत आली, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "मे महिना आहे गो. शिजशील." तन्वी मला काका म्हणायची आणि माझी टिंगल करायची. "काका, मूनचं होमवर्क झालं का?"

हे होमवर्क म्हणजे बाईंची सर्वांत मोठी परीक्षा. पहिले सहा महिने मंत्र नाही, मेणबत्ती नाही. रोज चंद्र बघायचा आणि वहीत एक ओळ लिहायची. किती वाजता दिसला, कुठे दिसला, कसा होता. दिसला नाही तर तसं लिहायचं. आमच्या बिल्डिंगच्या चारी बाजूंना टॉवर उठलेत. चंद्र बघायचा तर गच्चीवर जावं लागे, आणि गच्चीच्या किल्लीसाठी वॉचमनच्या विनवण्या. दोन महिन्यांत मी कंटाळलो. घरी बसून, मागची पानं बघून, अंदाजपंचे लिहू लागलो.

एका रविवारी बाईंनी माझी वही उघडली. एका ओळीवर बोट ठेवलं आणि ते बोट तिथेच फिरवत राहिल्या, चकतीची कड चाचपल्यासारखं.

"बुधवारी सात वाजता चंद्र बघितलास? पूर्वेला?"

"हो."

"पूर्ण वर आलेला?"

"हो. छान होता."

"तन्वी, बुधवारी काय होतं गो?"

तन्वीने ओढणी तोंडात कोंबली. "संकष्टी होती."

"संकष्टी," बाई म्हणाल्या. "मेल्या, संकष्टीला चंद्र सात वाजता उगवला असता तर अख्खी मुंबई लवकर जेवली असती. माझी आई साडेनऊपर्यंत उपाशी बसायची, ती काय वेडी होती?"

मी मान खाली घातली. माझी बायको दर संकष्टीला उपास करते. त्या बुधवारीही ती चंद्रोदयाची वेळ बघून ताट घेऊन बसली होती, माझ्यासमोर.

बाई रागावल्या नाहीत. पेन्सिल दिली. "खोडू नकोस. शेजारी लिही, खोटं लिहिलं होतं. माका चंद्र नको आसा रे. तो माका माझ्या खिडकीतून दिसता. तू काय लिवतस ता बघूचा आसा."

बाईंकडे येणारे सगळेच टिकत नसत. बरेचजण काही करून घ्यायला येत. एक बाई आली, तिला नवऱ्याचं मन वळवून हवं होतं. परबबाईंनी तिचं तासभर ऐकलं, पोटभर खायला घातलं, आणि ओळखीच्या वकिलीणबाईंचा नंबर दिला. एकाला बॉसचा बंदोबस्त हवा होता. त्याला म्हणाल्या, "माझ्या तीन बॉसांचा मला करता आला नाही, तुझ्या काय करणार?" तन्वीने एकदा विचारलं की एक वर्ष ठीक आहे, पण वर एक दिवस कशाला? बाई घावणा उलटत होत्या. "वर्ष काय, सगळेच ढकलतात. वर्ष संपलं की माणूस सुटतो. त्याच्यानंतर जो दुसऱ्या दिवशी आपणहून येतो, त्याच्यासाठी तो दिवस."

आता माझं.

मे महिन्यात माधुरीला, माझ्या बायकोला, ती वही सापडली. मी आंघोळीहून बाहेर आलो तर ती पलंगावर वही उघडून बसलेली.

"चंद्र, आठ दहा, टाकीच्या मागे," तिने वाचलं. "चंद्र, नऊ, लालसर, एकटा. हे काय आहे विलास? आणि रविवारी ऑफिसचं काम, ऑफिसचं काम म्हणून तू जातोस कुठे? कोण आहे ती?"

त्या वेळी मला वडिलांचं सांगता आलं असतं. झोप लागत नाही, माझ्यात काहीतरी अडकलंय, असं सांगता आलं असतं. स्वतःचं सांगायचं, एवढाच तर नियम होता. मी काय केलं? मी म्हटलं, "अगं, भलतंच काय! परबबाई म्हणून आहेत. सुषमाताईंच्याच बिल्डिंगमध्ये, चौथ्या मजल्यावर. पासष्टीच्या पुढच्या आहेत. त्यांच्याकडे एक पूजा असते." आणि मग विक्का, वर्तुळ, सगळं. सुषमाताई म्हणजे माधुरीची मोठी बहीण.

माधुरीचा चेहरा खुलला. "परबकाकू? गणपतीत मोदक करतात त्या?" तिला हसू आवरेना. मलाही हायसं वाटलं. मग मी जे बोललो ते इथे जसंच्या तसं लिहितो.

"हे कोणाला बोलू नकोस हं. निदान माझं नाव तरी नको."

निदान माझं नाव तरी. माधुरी शब्दाची पक्की. तिने बहिणीला फोनवर सगळं सांगितलं आणि माझं नाव कुठेही येऊ दिलं नाही.

पुढचं मला सुषमाताईंकडूनच कळलं, माधुरीच्या फोनच्या स्पीकरवरून. बिल्डिंगमध्ये बातमी दोन दिवसांत गच्चीपर्यंत पोचली. चौथ्या मजल्यावर चेटूक चालतं. दर पौर्णिमेला माणसं जमतात. चेअरमननी सभा बोलावली.

"अगं, आम्हाला वाटलं बाई रडतील, नाहीतर नाही म्हणतील," सुषमाताई सांगत होत्या. "तर ही बया उभी राहिली आणि म्हणते, होय, मी विक्कन आहे. रविवारी चार ते सहा देवीची पूजा करते. कोंबडं नाही, लिंबू नाही, मोठा आवाज नाही. चेअरमन म्हणाले, येतं कोण कोण? नावं द्या. तर म्हणते, माझं मी सांगितलं, त्यांचं ते सांगतील. ते म्हणाले, द्यावी लागतील. तर काय म्हणावं हिने? म्हणते, साहेब, तुमच्याकडे शनिवारी पत्ते खेळायला कोण येतं ते मी कधी विचारलंय का? सगळी सभा हसली गं. त्यांच्या मिसेसपण."

माधुरीही हसली. माझ्या हातात चहाचा कप होता तो मी खाली ठेवला.

सभा हसली, पण सोसायटी हसली नाही. चोवीस वर्षं त्या सोसायटीच्या गणपतीचे मोदक परबबाई करत आल्या होत्या. त्यांच्या हातच्या मोदकाला एकवीस कळ्या पडत, कमी नाही, जास्त नाही. त्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी कोणीतरी येऊन दारातूनच सांगून गेलं, "काकू, यंदा केटररला सांगितलंय. तुम्हाला उगाच त्रास." पिठी दळून झाली होती. नारळ फोडून झाले होते.

पुढच्या रविवारी त्यांनी ते मोदक आमच्यासाठी केले. "खा रे दळवी, लाजतोस काय? तूप घे." मी खाल्ले. पाच खाल्ले. त्या समोर उभ्या राहून वाढत होत्या.

त्याच दिवशी दार लावून आत बराच वेळ बोलणं चाललं. बातमी फुटली कुठून, हा प्रश्न होता. आतल्या लोकांचा संशय तन्वीवर होता. तिचं तोंड सुटलेलं, फोन सदा हातात, फोटो काढायची खोड. दीक्षेसाठी सगळ्यांचा होकार लागतो, एकाचा नकारही पुरतो, आणि नव्या माणसाच्या वतीने कोणीतरी उभं राहून त्याची हमी घ्यावी लागते. तन्वीचं वर्ष आणि दिवस पुरा झाला होता, दीक्षेचा दिवस तेवढा ठरायचा होता. आतून कोणाचा तरी आवाज आला, "तिला जायला सांगा, विषय संपवा." मग बाईंचा आवाज.

"संशयाचा माल रिजेक्टच्या पेटीत टाकायचा नसतो. होल्डवर ठेवायचा. नीट बघून होईपर्यंत."

त्यांनी तिला काढलं नाही, पण तिची दीक्षा पुढे ढकलावी लागली. कधीपर्यंत, ते कोणी सांगू शकत नव्हतं. तन्वी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होती. आज पहिल्यांदाच मला चिडवत नव्हती.

"काका, मी कोणाला काय बोलले नाय. आईशप्पथ. आईला पण सांगितलं ते फक्त माझं सांगितलं. तुम्ही तरी मानता ना?"

"मानतो," मी म्हटलं आणि नारळ खवत राहिलो.

असे मी तीन रविवार काढले. तन्वीचं वजन उतरलं. बाई तिला घरी जाताना डबा देऊ लागल्या. एकदा मी त्यांना जिन्यात बोलताना ऐकलं, "बाय, तू केलं नाहीस तर तू केलं नाहीस. मी आहे." तिसऱ्या रविवारी तन्वी जाताना म्हणाली, आता ती येणार नाही. सगळे तिच्याकडे बघतात ते तिला सहन होत नाही.

बुधवारी सकाळी मी ऑफिसला कळवून सुट्टी घेतली आणि बाईंच्या घरी गेलो. त्या बांगडे साफ करत होत्या. मी दाराशीच उभा राहून सांगितलं. वही, माधुरी, सुषमाताई.

त्यांचा हात थांबला नाही. कल्ले काढले, पोट चिरलं, धुतलं. दुसरा बांगडा घेतला.

"कधी सांगितलंस?"

"मे महिन्यात."

"म्हणजे गणपतीच्या आधी."

"हो."

"आणि मोदक खाल्लेस."

"हो."

"किती?"

"पाच."

"पाच," त्या म्हणाल्या. मग त्यांनी उरलेले बांगडे साफ केले. मी मोजत होतो, सात होते. मग हळद मीठ लावलं, हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. एकतीस वर्षं त्या ज्या नजरेने माल बघत आल्या ती नजर होती.

"रविवारी हे सगळ्यांसमोर सांगायचं. तन्वीला मी बोलावते. तिच्यासमोर सांगायचं."

"हो."

"दळवी, तुझ्यासाठी मी उभी राहणार नाही. दुसरं कोणी राहिलं तर त्याची मर्जी. माझ्याच्याने होणार नाही."

"मी जातो मग. पुन्हा येणार नाही."

"जा कोण म्हणाला तुका?" त्या एकदम ओरडल्या. "ओटीवरसून मी आजपर्यंत कोणाक उठवलंय नाय. झाडूक ये. आणि आता जेवन जा, बांगडे कोण खातलो एवढे?"

मी जेवलो. त्यांनी माझ्या ताटात तीन तुकडे वाढले.

रविवारी मी सांगितलं. तन्वी माझ्याशी दोन महिने बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं. दुसरं कोणी माझ्यासाठी उभं राहिलं नाही. मी कोणाला विचारलंही नाही. दर रविवारी लवकर जाऊन हॉल झाडत राहिलो. पण एक गोष्ट मी त्या बुधवारी बाईंना सांगितली नव्हती, आणि रविवारी सगळ्यांसमोरही नाही. त्यांचं नाव दिलं हे सांगितलं. स्वतःचं लपवायला सांगितलं होतं, ते सांगितलं नाही.

तन्वीची दीक्षा नोव्हेंबरच्या एका रविवारी दुपारी झाली. बाईंनी मला फोन केला. "जिन्यात कोणीतरी बसायला हवं. बेल वाजता कामा नये. येशील?" मी पोचलो तेव्हा चौथ्या मजल्याच्या जिन्यात त्यांनी माझ्यासाठी एक खुर्ची मांडून ठेवली होती. तन्वी आली, माझ्यासमोर क्षणभर थांबली आणि म्हणाली, "काका, पाणी आणलंय ना? दोन तास लागतील." मग आत गेली. दार लागलं.

अर्धा तास झाला असेल. खालून पावलं वाजली आणि सुषमाताई वर आल्या. चेअरमननी पाठवलं होतं, की चौथ्या मजल्यावर आज जास्त चपला दिसतात.

"विलासराव? तुम्ही? इथे काय करताय?"

"बसलोय."

"ते दिसतंय. कोणाकडे आलात?" मग त्यांनी दाराकडे बघितलं, चपलांकडे बघितलं, आणि आवाज खाली आणला. "आत कोण कोण आहे हो?"

"ते मी नाही सांगणार," मी म्हटलं. "माझं सांगतो. मी वर्षभर इथे येतोय. मला आत घ्यायचं होतं. घेतलं नाही."

"तुम्ही? माधुरी मला एका शब्दाने बोलली नाही!"

"मीच तिला नको म्हटलं होतं. परबबाईंचं नाव मीच दिलं तिला, आणि वर म्हटलं, निदान माझं नाव तरी सांगू नकोस. तुमच्या सभेत त्या एकट्या उभ्या होत्या ना, तेव्हा तिथे माझंही नाव असायला हवं होतं. मोदक बंद झाले ते माझ्यामुळे."

माझा आवाज चढला होता. जिन्यात घुमत होता. सुषमाताई भिंतीला टेकल्या. म्हणाल्या, "केटररचे मोदक फुटले होते हो सगळे. आम्हाला काय माहीत होतं. मीच पहिली बोलले खाली."

तेवढ्यात दार उघडलं. परबबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. पांढरी सुती साडी, केस मोकळे, अजून ओले. केस मोकळे सोडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. खूप तरुण दिसत होत्या. त्यांनी आधी सुषमाताईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, बराच वेळ.

"आतपर्यंत सगळं ऐकू येतंय रे," त्या म्हणाल्या. "हळू बोला." आणि दार लावून घेतलं.

त्याच्या पुढच्या रविवारी मी गावी होतो, आणि त्याच्याही पुढच्या रविवारी बाई नव्हत्या. झोपेतच गेल्या, असं तन्वीने कळवलं. म्हणजे उंबऱ्यातलं ते दर्शन शेवटचं. पण ते तसं पूर्ण शेवटचं नाही. दार लागल्यावर सुषमाताई जायला वळल्या होत्या. दोन पायऱ्या उतरल्याही होत्या. तेव्हा दार पुन्हा वीतभर उघडलं, दोन बांगड्या घातलेला एक हात बाहेर आला आणि त्याने एक प्लॅस्टिकचं स्टूल माझ्या खुर्चीशेजारी ठेवलं. जरा हलवून चारही पाय टेकताहेत की नाही ते बघितलं, आणि हात आत गेला.

सुषमाताई त्या स्टुलाकडे बघत पायरीवर उभ्या राहिल्या. मग वर आल्या आणि बसल्या.